बिजलीचे टाके

"काय गो, काय आणलंत?"

निम्मा जिना चढून झाला होता, तेवढ्यात खालून काकूंचा आवाज आला. नफीसा पुढे, मी मागे. दोघींच्या मध्ये वेताची करंडी, करंडीवर माझी ओढणी, आणि ओढणीखाली नुकतीच ऑपरेशन होऊन आलेली, भुलीत जीभ बाहेर काढून पडलेली मांजर.

मी जागच्या जागी थिजले. नफीसा मात्र वळली आणि गोड हसून म्हणाली, "फणस, काकू."

"फणस? कुठला?"

"दापोलीचा. आमच्या अब्बांनी पाठवलाय."

"कापा की बरका?"

नफीसानं क्षणाचाही विचार केला नाही. "कापा."

झालं. माझ्या पोटातून हसू असं उसळलं की करंडीच हलायला लागली. करंडीतल्या बाईसाहेबांचं पोट डॉक्टरांनी दुपारीच कापून शिवलं होतं. यापेक्षा कापा फणस अख्ख्या रत्नागिरीत मिळाला नसता.

"मग चार गरे पाठवा हो खाली," काकू म्हणाल्या. "ह्यांना कापा फार आवडतो."

तेवढ्यात फणस बोलला. अगदी बारीक, दारूड्यासारखं लांबवलेलं "म्यँऽऽ". मी लगेच त्याच्यावर खोकले. जमेल तितक्या जोरात, छाती फुटेस्तोवर.

"खोकला झालाय तुला? मग तू नको हो खाऊ फणस," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

खोलीत पोचल्यावर दाराला कडी घातली आणि आम्ही दोघी जमिनीवर लोळून हसलो. मग नफीसा उठून बसली. "उजू," ती म्हणाली, "आता फणस आणायला लागणार."

ही गोष्ट मी रत्नागिरीत नवी होते तेव्हाची. पाटणजवळच्या आमच्या गावातून डोळे तपासण्याचा डिप्लोमा करून मी इथल्या एका चष्म्याच्या दुकानात कामाला लागले होते. नफीसा मुकादम एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. माळनाक्याच्या आतल्या बाजूला शेट्ये काका-काकूंचं घर होतं. खाली ते दोघं आणि वरच्या खोलीत आम्ही दोघी. काका मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं आणि सगळं सरकारी. काकू उंच, ठसठशीत कुंकवाच्या, आवाजानं नारळ पाडतील अशा. खोली दाखवतानाच त्यांनी सांगून टाकलं होतं, "सुकट भाजलीत तरी चालेल, उशीर झाला तरी एक वेळ चालेल, पण मांजर-कुत्रं घरात आलेलं चालायचं नाही. ह्यांना खपत नाही." त्यावर मागे उभे असलेले काका म्हणाले होते, "तिलाच खपत नाही." तेवढ्या एका बाबतीत त्या दोघांचं एकमत दिसलं होतं.

आणि नेमकी या घराच्या परसात बिजली राहायची. काळी-पांढरी, नाकावर शाईचा डाग पडल्यासारखा ठिपका. कुंपणावरून चालायची तर जग आपल्या बापाचं असल्यासारखी. आम्ही तिला वरच्या खिडकीतून चोरून पोळी टाकायचो. ती दरवेळी जिन्याखाली व्यायची आणि दरवेळी पलीकडच्या गल्लीतला बोका येऊन पिल्लं मारायचा. शेवटच्या खेपेला ती पिल्लांच्या रिकाम्या जागेभोवती ओरडत फिरत राहिली, तेव्हा नफीसा म्हणाली, "आता बास. हिचं ऑपरेशन करायचं." नफीसा "बास" म्हणाली की त्यावर अपील नसायचं.

डॉक्टर खानविलकरांनी ऑपरेशन नीट केलं. नंतर बिजलीला आमच्या हवाली करताना म्हणाले, "उडी मारू द्यायची नाही. टाके चाटू द्यायचे नाहीत. आज पाणी थोडंथोडंच द्या. आणि घरात वातावरण शांत ठेवा." मग तिच्याकडे निरखून बघत म्हणाले, "रस्त्यावरची म्हणताय, पण अंगानं चांगली भरलीय हो ही. फक्त तुमच्या पोळीवर नाही एवढी झालेली."

आम्हाला त्यात आमचंच कौतुक वाटलं.

शांत वातावरणाचं असं झालं की बिजली शुद्धीवर आली ती थेट तमाशातल्या सोंगाड्यासारखी. उठायची, चार पाय चार दिशांना जायचे, धप्पकन बसायची. मग कुणीतरी ढकलल्यासारखं आमच्याकडे संशयानं बघायची. पाण्याच्या बादलीला तिनं दोनदा धडक दिली. तिच्या गळ्यात डॉक्टरांनी प्लॅस्टिकचं नरसाळं बांधून दिलं होतं, टाके चाटू नयेत म्हणून. पण ते गळ्यात आल्यावर बिजलीला पुढे चालायचं असतं याचाच विसर पडला. ती उलटी चालायला लागली. मागे मागे मागे, भिंत लागेपर्यंत. मग वळून परत मागे मागे. नरसाळं फरशीवर टक, खाटेच्या पायावर टक, कपाटावर टक टक.

"वर काय चाललंय गो?" खालून काकू.

"लेझीम, काकू!" नफीसा ओरडली. "उजूच्या दुकानाचं गॅदरिंग आहे!"

"चष्म्याच्या दुकानाचं?"

"मालक फार हौशी आहेत!"

उडी मारायची नाही म्हणजे उडी मारण्याजोगं काही ठेवायचं नाही. आम्ही खाटा उभ्या करून भिंतीला टेकवल्या, गाद्या जमिनीवर घातल्या, टेबल उलटं केलं, खुर्ची गॅलरीत काढली. भर मे महिना, खिडकी बंद, आणि त्या सपाट खोलीत आम्ही दोघी घामानं निथळत बसलेल्या आणि मध्ये नरसाळ्यातून आमच्याकडे बघणारी बिजली. औषध पाजणं म्हणजे तर कुस्तीच. टॉवेलात गुंडाळून नफीसानं तिला धरायचं, मी सिरिंज तोंडात घालायची. औषध कुणाच्या पोटात जाईल हे आधी सांगता यायचं नाही. एकदा ते नफीसाच्या डोळ्यात गेलं, एकदा देवाच्या कॅलेंडरवर. एकदा बिजलीनं सगळं मुकाट गिळलं, आम्ही आनंदानं एकमेकींना मिठी मारली, आणि तिनं ते तसंच्या तसं माझ्या उशीवर काढून ठेवलं.

पुढे नरसाळं तिनं फोडलंच. मग मी माझ्या जुन्या भगव्या लेगिंगचा पाय कापला, त्याला चार भोकं पाडली आणि तिला घातला. पाठीवर नाड्या बांधल्या. बिजली त्यात देवळातल्या छोट्या पुजाऱ्यासारखी दिसायला लागली. नफीसानं तिच्यापुढे हात जोडले, "महाराज, प्रसाद?"

आणि फणस. फणस तर आणायलाच हवा होता. बाजारातून घेतला, पण तो वर नेणार कसा? फणस तर आधीच वर गेलेला. म्हणजे मांजर आम्ही फणस म्हणून उघड उघड वर नेलं आणि आता खरा फणस मांजरासारखा लपवून न्यायचा होता. नफीसानं तो चादरीत गुंडाळून पोटाशी धरला. जिन्यात नेमके काका.

"काय आहे?"

"धुणं, काका. इस्त्रीचं."

काकांनी त्या काटेरी धुण्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि न बोलताच निघून गेले. मला ते तेव्हा फार भीतीदायक वाटलं.

फणस फोडला तर तो बरका निघाला. लिबलिबीत. नफीसा तसाच ताटलीत घालून खाली गेली. काकूंनी गरा बोटात धरला, तो ओघळला. "कापा म्हणालीस ना?"

"होता, काकू," नफीसा म्हणाली. "पिकता पिकता बदलला."

हे सगळं सांगताना मला अजून हसू येतं. पण त्याच दिवसांत दुसरं एक घडलं होतं, ते मी फक्त नफीसाला सांगितलं होतं. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला होता. आप्पांची गावात पिठाची गिरणी. गिरणीच्या आवाजात आयुष्य गेलेलं, त्यामुळे ते फोनवरही ओरडून आणि थोडक्यात बोलायचे. कराडचं स्थळ आलंय. मुलगा ट्रॅक्टरच्या शोरूमला आहे. त्यांना नोकरीवाली नको. झाली तेवढी नोकरी पुष्कळ झाली. "रविवारी येतो न्यायला. सामान बांधून ठेव."

मी म्हणाले, "बरं, आप्पा."

"बरं?" नफीसा कडाडली होती. "बरं म्हणालीस? तुला जायचंय?"

"नाही."

"मग नाही का म्हणाली नाहीस?"

मी खरंच विचार केला. आमच्या घरात आप्पांना कुणी नाही म्हटलेलं मी पाहिलंच नव्हतं. आई म्हणत नसे, दादा म्हणत नसे, गिरणीत दळायला येणारी माणसंही म्हणत नसत. "कसं म्हणायचं ते मला माहीत नाही," मी म्हणाले.

"न पासून सुरुवात होते," नफीसा म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. मांजरीला तीन भाषांत शिव्या देणारी ती मुलगी त्या दिवशी पुढे एक शब्द बोलली नाही. मी सामान बांधायला घेतलं. बॅग उघडली की बिजली तिच्यात जाऊन बसायची, आणि उचलली तर टाके ताणतील म्हणून तिला हलवायची हिंमत होत नव्हती. त्यामुळे बॅग काही भरली जात नव्हती.

खाली मात्र आमच्यावर पाळत सुरू झाली होती. निदान आम्हाला तसं वाटत होतं. सकाळी सकाळी काका परसात फिरायचे. हातात वर्तमानपत्राची पुडी. कुंपणापाशी वाकून बघायचे, जिन्याखाली बघायचे, आणि तोंडानं "च्च् च्च्" असा विचित्र आवाज काढायचे. काका आंघोळीला गेले की काकू बाहेर यायच्या, पेरूखाली उभ्या राहायच्या आणि इकडेतिकडे बघत काहीतरी पुटपुटायच्या. एकदा त्या वर आल्या. आम्ही दार जेमतेम नाकापुरतं उघडलं.

"तुम्हाला कुठं काही दिसलं नाही ना गो? परसात वगैरे?"

"काय दिसायचं, काकू?"

"काही नाही. असंच." त्या तशाच उभ्या राहिल्या. नेहमीचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "उन्हाळा वाईट हो यंदा. मुक्या जिवांचे हाल."

दार लावल्यावर नफीसा कुजबुजली, "माहीत आहे यांना सगळं. आपण कबूल करायची वाट बघतायत."

"काढतील आपल्याला?"

"तुला काय, तू चाललीच आहेस," ती म्हणाली. मग लगेच तिलाच वाईट वाटलं आणि तिनं मला फणसाचा शेवटचा गरा दिला.

रविवार उजाडला. आप्पा दुपारच्या एसटीनं येणार होते. नफीसा बिजलीचं औषध घोटत होती. मी पाणी आणायला दार उघडलं, आणि माझ्या दोन पायांच्या मधून काहीतरी भगवं सळकन गेलं.

"उजू! धर तिला! टाके!"

आम्ही दोघी जिन्यावरून धडधडत खाली. बिजली पुढे, पाठीवरच्या नाड्या फडफडतायत. तिनं परसाकडे ढुंकून पाहिलं नाही. वळण घेतलं ते थेट काकूंच्या स्वयंपाकघरात. आम्ही दारात पोचलो, तर ती गॅसच्या सिलिंडरमागे घुसून तिथली जर्मनची छोटी थाळी चाटत होती. रिकामी थाळी. तिला ती तिथे आहे हे पक्कं ठाऊक होतं.

काकू ओट्यापाशी नारळ खवत होत्या. त्यांनी वळून बघितलं. खवणी तशीच टाकून त्या जमिनीवर बसल्या.

"चिंगे! अगो चिंगे माझे! कुठं होतीस गो तू? माझा जीव... आणि हे काय घातलंस?"

नफीसानं माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात मागच्या दारातून काका आत आले. हातात तीच वर्तमानपत्राची पुडी. काकूंनी त्यांना बघितलं मात्र, झटक्यात उभ्या राहिल्या आणि हात उगारून ओरडल्या, "हाड्! हाड् मेले! घरात शिरतेस?"

पण काकांचं लक्ष काकूंकडे नव्हतंच. त्यांच्या हातून पुडी सुटली. चार मांदेल्या फरशीवर पसरल्या. "मामलेदारीण!" ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता असा, तुपात घोळवलेला आवाज. "अहो मामलेदारीण बाई! होतात कुठं?"

स्वयंपाकघरात अशी शांतता पसरली की बिजलीच्या चाटण्याचा आवाज ऐकू यायला लागला. तिनं थाळी सोडून मांदेल्यांकडे मोर्चा वळवला होता.

"मामलेदारीण कोण?" काकूंनी विचारलं.

"चिंगी कोण?" काकांनी विचारलं.



"तुम्ही हिला मासे घालता?"

"तू हिला थाळी ठेवलीस? सिलिंडरमागे? म्हणून तू मला सिलिंडर बदलू देत नव्हतीस होय!"

"आणि तुम्ही रोज उठून बाजारात जाता ते फिरायला जाता म्हणून सांगता मला!" काकूंचा आवाज परत जागेवर आला होता. "इतकी वर्षं मांजर खपत नाही, मांजर खपत नाही—"

"मी कुठं म्हणालो? मी तुझ्या दम्यासाठी म्हणालो!"

"मला कुठं दमा आहे?"

"नाही?"

"दमा तुमच्या आईला होता!"

काकांनी डोकं खाजवलं. आठवून बघत असावेत. मग हळूच म्हणाले, "हो की."

पहिल्यांदा कोण हसलं ते मला सांगता येणार नाही. मला वाटतं काकू. पदर तोंडाला लावून त्या ओट्याला टेकल्या आणि गदागदा हलायला लागल्या. काका आधी आवरत होते, मग खुर्चीत बसले आणि डोळे पुसायला लागले. नफीसा चौकटीला धरून खाली घसरली. मला तर उचकी लागली. अख्खं घर एकाच मांजरीला एकमेकांपासून लपवून वाढवत होतं, आणि ती चार वेळा जेवून, तीन नावांना ओ देऊन, कुणाचंही कुणाला न सांगता गुपचूप राहत होती.

मग काकूंना लेगिंग नीट दिसली. त्यांनी नाड्या सोडल्या. भादरलेलं पोट आणि निळा दोरा बघून त्यांचं हसू थांबलं.

"हे काय?"

आम्ही सगळं सांगितलं. बोका, पिल्लं, डॉक्टर. काकू ऐकत राहिल्या. "म्हणजे तो फणस..."

"कापा," नफीसा खालमानेनं म्हणाली.

"अगो कार्ट्यांनो!" काकूंनी कपाळाला हात लावला. "ऑपरेशन झालेल्या जिवाला वरच्या त्या भट्टीत ठेवलंत? आणि मी इथं आळीतल्या विहिरींत वाकून बघत्येय!" असं म्हणता म्हणता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते आम्हाला दिसू नयेत म्हणून पटकन मांदेल्या उचलायला घेतल्या.

धावपळीत एक टाका सैल झाल्यासारखा दिसत होता. काकांनी डॉक्टरांना फोन लावला आणि उभं राहून, कचेरीत साहेबांशी बोलावं तसं, "होय, होय, नोंद घेतली" असं करत ऐकलं. मग आम्हाला आदेश दिला, "डॉक्टर येऊन बघतो म्हणालेत. तोपर्यंत कुणीतरी मांडीवर घेऊन बसायचं. हलू द्यायचं नाही. बिलकूल नाही."

काकांनी स्वतःची मांडी पुढे केली. बिजलीनं ती नाकारली. काकूंचे गुडघे दुखरे. नफीसा म्हणजे औषध, हे तिला कळून चुकलेलं. राहिले मी. मी पडवीत भिंतीला टेकून मांडी घातली, बिजली तिच्यावर चढली, दोनदा गोल फिरली आणि झोपली. काकांनी टेबलफॅन आणून लावला. काकूंनी माझ्या पाठीशी उशी दिली. मला आठवतं, मी हसून हसून हलकी झाले होते. डोक्यात काही शिल्लक नव्हतं.

आणि फाटक वाजलं.

आप्पा. पांढरा सदरा, टोपी, हातात पिशवी. ऊन लागून चेहरा लाल झालेला. त्यांनी पडवीत पाऊल टाकलं आणि मला बघितलं.

"काय गं उजे, आवरलं नाहीस अजून? चल, ऊठ. परतीची गाडी धरायची हाय."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आप्पा, मला उठता येत नाही."

"का? पाय मुरगळला काय?"

"मांजर झोपलीय."

आप्पांनी मांजरीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग काकांकडे, हे घर शहाण्या माणसांचं आहे ना अशा नजरेनं. काका गंभीरपणे म्हणाले, "ऑपरेशन झालंय. तिला हलवायचं नाही असं डॉक्टरांचं सांगणं आहे."

"बसा हो भाऊ," काकू म्हणाल्या. त्यांना स्थळाबद्दल काही माहीत नव्हतं. नफीसानं त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटलं, तशा त्यांच्या भुवया वर गेल्या. "बसा. सोलकढी देते. आता ही काय इतक्यात उठायची नाही."

"फार झोपते ती," नफीसानं भर घातली. "अशी झोपली की दोन दोन दिवस."

आप्पा खुर्चीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सोलकढी प्यायले. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आता कडाडतील, मग कडाडतील. पण आप्पा पेला खाली ठेवून एवढंच म्हणाले, "बरं मग. मांजर उठंस्तोवर थांबतो. नंतरच्या गाडीनं जाऊ."

एवढं साधं. नफीसाचा चेहरा पडला. काकूंनी काकांकडे बघितलं, काकांनी पंख्याकडे. आमचं सगळं बळ त्या मांजरीच्या झोपेत होतं, आणि आप्पांना काही घाईच नव्हती.

माझ्या मांडीवर बिजलीचं पोट वर-खाली होत होतं. गरम, जड. मी तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आप्पा, मांजर उठली तरी मी येणार नाही."

माझाच आवाज. मला वाटलं, मागून कुणीतरी बोललं.

"काय?"

"मी येणार नाही. मला ते स्थळ नको. मला इथंच राहायचंय. काम करायचंय."

पंखा तेवढा फिरत होता. आप्पांनी टोपी उचलली, परत गुडघ्यावर ठेवली. त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती.

"का?" ते म्हणाले.

हा प्रश्न येईल असं मला वाटलंच नव्हतं. "परवा एक आजी आल्या होत्या," मी म्हणाले. "त्यांना काच लावून दिली, तर त्यांनी आधी स्वतःचे हात बघितले. उलटे, सुलटे. किती वेळ. मला ते आवडतं, आप्पा. मला ते रोज बघायचंय."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग फोनवर का नाही बोललीस?"

"तुम्ही येतो म्हणून ठेवून दिलात."

आप्पा अंगणात बघत बसले. नफीसा खांबाआड नखं खात होती. अशा वेळी डॉक्टर खानविलकरांची स्कूटर फाटकात आली म्हणून बरं, नाहीतर तिची बोटंही संपली असती.

डॉक्टर आले ते सरळ माझ्यापुढे बसले. पिशवी उघडली, चष्मा वर केला आणि कोण कुणाचं न बघता आप्पांना म्हणाले, "अहो, तुमचे हात दणकट दिसतायत. जरा हे पुढचे पाय धरा बघू."

आप्पा दचकले. पण गिरणीत कुणी पोतं धरा म्हटलं की ज्या तत्परतेनं ते उठायचे, तसेच उठले. खाली बसले, बिजलीचे दोन्ही पाय त्यांनी मुठीत घेतले. ती जागी झाली. पहिल्यांदा तिनं डॉक्टरांकडे बघितलं, मग आप्पांकडे, आणि डॉक्टरांवरचा सगळा राग तिनं आप्पांच्या मनगटावर काढला.

"आयो!" आप्पा ओरडले. पण पाय सोडले नाहीत. "धरून ठेवलंय. तुम्ही करा तुमचं. आगं गप, गप बाई. झालं, झालं. शाणी गं माझी ती."

मी माझ्या बापाच्या तोंडून असं बोलणं ऐकलं नव्हतं. माझ्याशी बोलले असतील लहानपणी. आठवत नाही.

टाका ठीक होता. डॉक्टरांनी पावडर लावली, काकूंनी लेगिंग परत घातली आणि बिजलीला आत, स्वतःच्या गादीवर घेऊन गेल्या. काका मागोमाग, "हळू, हळू, मान धर" करत. आप्पांच्या मनगटाला नफीसानं पट्टी बांधली, रोजच्या सवयीनं मूठ वळायला लावून.

मग आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून मोबाईल काढला, लांब धरून नंबर शोधला आणि कानाला लावला.

"हॅलो! हां, पाहुणं, मी बोलतोय!" सगळी आळी ऐकेल असं. "ते उद्या पोरगी बघायचं काय जमत न्हाय! न्हाय. परवा पण न्हाय. तसं न्हाय, जमणारच न्हाय. पोरगीला नोकरी करायचीय. हां... हां... मी? मी इथंच हाय, रत्नागिरीत. आणायलाच आलो हुतो, पण..." ते थांबले. पलीकडून काहीतरी विचारलं जात होतं. आप्पांनी पट्टी बांधलेल्या हाताकडे बघितलं. "त्याचं असं झालं, मांजर झोपलं हुतं."

पलीकडे बहुतेक पुन्हा विचारलं.

"मांजर! मांऽजर!"

नफीसानं तोंडात ओढणी कोंबली. आतून काकूंचं हसू फुटलेलं ऐकू आलं. आप्पांनी फोन बंद केला, आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं. आवाज न करता, नुसतं पोट. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"ऊठ आता," ते मला म्हणाले. "जेवायला वाढतायत का बघ."

मी उठायला गेले. पण इतका वेळ मांडी घालून बसल्यानं दोन्ही पायांना अशा मुंग्या आल्या होत्या की जमीनच लागेना. मी अर्धवट उठले, डगमगले आणि सरळ आप्पांच्या अंगावर कलंडले. त्यांनी मला दंडाला धरलं.

"पाय माझे नाहीतच, आप्पा," मी हसत म्हणाले. "सोडू नका."

"न्हाय सोडत. हळूहळू टाक," ते म्हणाले. "घाई न्हाय."